छोट्या गाडीचं इंजिन निवडताना या चुका टाळा: मायलेज की पिकअप?

मायलेजवालं इंजिन घ्यावं की पिकअपवालं, हे विचारणारे बहुतेक जण ब्रोशरमधला एकच आकडा पाठ करून आलेले असतात: पीएस किती, म्हणजे इंजिनाची कमाल पॉवर किती. पहिली चूक इथेच होते.

कमाल पॉवर मिळते 5500-6000 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेत असताना. रोज तिथपर्यंत कोण जातं? आपला वावर 1500 ते 3000 मध्ये. मारुती फ्रॉन्क्सची दोन पेट्रोल इंजिनं घ्या. साधं 1.2 लिटर सुमारे 90 पीएसचं, 1.0 लिटर टर्बो, म्हणजे दाबाने जादा हवा घेणारं, 100 पीएसचं. कागदावर फरक दहाचा. आता टॉर्क बघा, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर; तो एनएममध्ये मोजतात. साध्याचा कमाल टॉर्क 113 एनएम, तोही 4400 आरपीएमला; टर्बोचा 147.6 एनएम, 2000 पासूनच. टॉर्कला आरपीएमने गुणून 7024 ने भागलं की पीएस मिळतात. म्हणजे 2000 ला टर्बोचे 42. साध्याला तिथे पूर्ण 113 एनएम मिळाले असं धरलं तरी 32, आणि प्रत्यक्षात तेवढेही नाहीत. गाडी भरलेली असताना चढावर जाणवतो तो हा फरक. एकट्याने सपाट रस्त्यावर फिरणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, त्याने साधं इंजिन खुशाल घ्यावं. मी मात्र हा गुणाकार केल्याशिवाय कुणालाही सल्ला देत नाही.

दुसरी चूक मला जास्त छळते: पिकअपचं इंजिन घ्यायचं आणि मायलेजसाठी ते गुदमरवायचं. माझ्या मेहुण्याने छोटी टर्बो गाडी घेतली आणि थोड्याच दिवसांत ‘ॲव्हरेज देत नाही’ म्हणून कुरकुर सुरू केली. मी शेजारी बसलो. चाळीसच्या वेगाला पाचवा गिअर, चढ आला की ॲक्सिलरेटर तळाला, आणि बॉनेटखालून कटकट आवाज. गिअर उतरव म्हटलं तर म्हणे, “आरपीएम वाढला की पेट्रोल जास्त जातं ना!” शेवटी तिसरा टाकायला लावला. काटा वर गेला, पाय निम्मा उचलला गेला, आवाज बंद झाला. आरपीएम कमी ठेवून पेट्रोल वाचतं ते इंजिनावर भार हलका असताना. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) छोट्या टर्बोत कमी आरपीएमला पूर्ण भार टाकला तर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं आणि पिस्टन फुटू शकतो. या त्रासासाठीच इंजिन ऑइलचा एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस दर्जा 2018 मध्ये आला, आणि 2020 मध्ये आलेल्या एसपीतही ते संरक्षण आहे. डब्यावरचा दर्जा मॅन्युअलशी ताडून बघा. गाडीवर लाखो खर्चून ऑइलमध्ये काटकसर करणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

मायलेज मोजायलाही धीर लागतो. एका टाकीवरून किंवा डॅशबोर्डवरच्या आकड्यावरून निकाल देऊ नका. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, असं चार-पाच टाक्या करा. आणि तुलना 100 किलोमीटरला किती लिटर अशी करा. 10 चं मायलेज 12 झालं तर 100 किलोमीटरमागे 1.67 लिटर वाचतं. 20 चं 25 झालं तरी एकच लिटर. कमी मायलेजच्या गाडीत दोनाचा फरकही मोठा असतो, हे गणित न करता लोक वर्षानुवर्षं भांडतात.

साध्या इंजिनाला रीमॅप करून, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, पिकअप काढू, असं म्हणणाऱ्यांनो, टर्बो नसताना हवा वाढत नाही, त्यामुळे हाती फारसं लागत नाही. उलट वॉरंटी धोक्यात येते.

टेस्ट ड्राइव्ह एकट्याने, एसी बंद ठेवून घेऊ नका. घरची चार माणसं बसवा, एसी लावा, चढ शोधा आणि दुसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमपासून गाडी कशी उचलते ते बघा. दोन्ही इंजिनं त्याच दिवशी, त्याच चढावर चालवा.