ॲड ब्लॉकरमुळे पान अडलं तर

घरातले सगळे लॅपटॉप माझ्याच गळ्यात असल्यामुळे "साइट चालत नाही गं" हे वाक्य मला पाठ झालंय. पहिला संशय ॲड ब्लॉकरवर, म्हणजे जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनवर (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर), कारण तो मीच टाकलेला असतो.

फायरफॉक्सवर मी यूब्लॉक ओरिजिन टाकते. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही३ (एक्स्टेन्शनसाठीचे नवे नियम) सक्तीचे केल्यापासून तिथे ते चालत नाही, तिथे यूब्लॉक ओरिजिन लाइट. दोन्ही रेमंड हिल या प्रोग्रॅमरचीच. मिळत्याजुळत्या नावांची एक्स्टेन्शन्स बरीच आहेत, तेव्हा नाव पूर्ण वाचा. आणि दोन ब्लॉकर एकत्र लावू नका, नंतर चोर सापडत नाही.

पान उघडताना ब्राउझर एकाच नव्हे, अनेक सर्व्हरांकडे मागणी करतो. ब्लॉकर प्रत्येक मागणी नियमांच्या यादीशी ताडून बघतो. ईझीलिस्ट ही त्यातली जुनी यादी, २००५ पासूनची. नियमात दोन उभ्या रेघा आणि पुढे डोमेनचं (साइटच्या पत्त्याचं) नाव असेल, तर त्या डोमेनकडे मागणी जातच नाही. डेटा वाचतो, पान हलकं होतं आणि तुम्ही आलात हे तिथल्या ट्रॅकरला (पाळत ठेवणाऱ्याला) कळत नाही. नियमात ## असेल तर पानातला तेवढा तुकडा फक्त झाकला जातो. जाहिरात दिसली नाही म्हणजे पाळत थांबली, असं म्हणूनच समजू नये. साइट स्वतःच्याच सर्व्हरवरून जाहिरात देत असेल तर डोमेन अडवून भागत नाही. यूट्यूबवर ही रस्सीखेच सारखी चालू असते.

आता अडलेलं पान. पैसे भरायचं बटण दाबलं जात नाही, व्हिडिओ नुसताच फिरतोय. यूब्लॉकचं ढालीचं चिन्ह दाबा, पॉवरचं मोठं बटण बंद करा (लाइटमध्ये त्याऐवजी सरकपट्टी 'नो फिल्टरिंग'वर न्या), पान पुन्हा लोड करा. ब्लॉकर तेवढ्या साइटपुरताच बंद होतो. तरीही चालेना? मग ब्लॉकर निर्दोष. चाललं, तर काम उरका, पण तसंच सोडून देऊ नका: सेटिंग्जमध्ये फिल्टरच्या याद्या अपडेट करा आणि बटण पुन्हा चालू करून बघा. बिघडलेला नियम बहुधा कुणीतरी आधीच दुरुस्त केलेला असतो. (लाइटमध्ये याद्या एक्स्टेन्शनबरोबरच येतात, तिथे एक्स्टेन्शनच अपडेट करायचं.)

ईमेलमधली लिंक उघडल्यावर "हे पान अडवलं आहे" अशा अर्थाची पाटी आली तर घाबरू नका. बऱ्याचदा ती लिंक आधी क्लिक मोजणाऱ्या डोमेनवरून जाते. पाठवणारा ओळखीचा असेल तर तात्पुरतं पुढे जा.

कुकीची परवानगी मागणाऱ्या पट्ट्या जात नाहीत अशीही तक्रार येते. त्यांच्या याद्या वेगळ्या असतात आणि सुरुवातीला बंद असतात. सेटिंग्जमध्ये जाऊन खूण करावी लागते.

ॲडब्लॉक प्लस हा दुसरा ब्लॉकर वापरत असाल तर त्यात 'स्वीकारार्ह जाहिराती' (कमी त्रासदायक मानून न अडवलेल्या) २०११ पासून मुळातच चालू असतात. नको तर खूण काढा. मी स्वतः रोज वाचते त्या दोन-तीन साइटवर ब्लॉकर बंद ठेवते, त्यांचं पोट त्यावर आहे.

फोनवर? अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाही, फायरफॉक्समध्ये येतं. इतर ॲपमधल्या जाहिरातींना मात्र त्याचा हात पोचत नाही.