दोन ठोकळ्यांनी सहा उचलायचे

सहावीच्या वर्गात तरफ शिकवताना मी ‘टेकू, भार, बल’ हे शब्द आधी फळ्यावर लिहीत नाही. आधी ठोकळे वाटते. लेगोच्या टेक्निक प्रकारातली 15 भोकांची एक पट्टी चौघांत पुरते. मधल्या, म्हणजे आठव्या भोकात पिन घालून ती ठोकळ्यांच्या खांबावर बसवायची. पहिल्या वर्षी मी काळ्या पिना दिल्या होत्या. त्या घट्ट बसण्यासाठीच असतात. पट्टी तिरकी ठेवली की तिरकीच राही. अख्खा तास गेला! सैल फिरणारी करडी पिन घ्या.

आता मधल्या भोकापासून मोजून दुसऱ्या भोकाला दोऱ्याने सहा सारखे ठोकळे टांगा. दुसऱ्या बाजूसाठी दोनच ठोकळे द्या आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड. मुलं दोरा सरकवत मधल्यापासून सहाव्या भोकाशी पोचतात आणि पट्टी तोलली जाते. “सहा दुणे बारा, दोन सक बारा!” कुणीतरी ओरडतंच. शब्द आत्ता सांगायचे: पिन म्हणजे टेकू, सहा ठोकळे म्हणजे भार, दोन ठोकळ्यांची ओढ म्हणजे बल.

मग फूटपट्टी द्या. सहा ठोकळे 1 सेंटिमीटर वर जाताना दोन ठोकळे 3 सेंटिमीटर खाली येतात. फुकट काही मिळत नाही.

शेवटी टेबलावर आजीचा अडकित्ता ठेवते: टेकू टोकाला, सुपारी मध्ये, हात दुसऱ्या टोकाला. तसाच ठोकळ्यांचा करा, पिन शेवटच्या भोकात. सुपारीऐवजी शेंग फोडा. चिमटा मात्र घरी शोधायला देते. त्यात जोर वाढत नाही, उलट कमी होतो, हे पोरांना लवकर पटत नाही.