रिपोर्टात न दिसणारं दुखणं मोजायचं कसं

पेशंटच्या फायलीत किडनीचं क्रिएटिनीन असतं, शुगर असते, एक्स-रे असतो, पण तो माणूस रात्री झोपतो का, परसाकडं एकटा जाऊ शकतो का, घरच्यांवर ओझं झालो म्हणून आतल्या आत झुरतोय का, हे कुठंच लिहिलेलं नसतं. हे मोजता येतं, त्याला आरोग्याशी निगडित जीवनमान म्हणतात. मी बीड-परभणीकडच्या वॉर्डात आणि गावागावात असे फॉर्म लई भरून घेतलेत, म्हणून नवीन पीजीचे विद्यार्थी, नर्स, सोशल वर्कर यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी ठरवा की नेमकं काय कळायला पाहिजे, फॉर्म नंतर. गुडघेदुखीवाला जास्त त्रासात आहे का डायलिसिसवाला, असं वेगवेगळ्या आजारांत ताडून बघायचं असेल तर सगळ्यांना चालणारा फॉर्म लागतो. एसएफ-३६ हा असाच एक फॉर्म, त्यात ३६ प्रश्न आणि आठ भाग, बरेचसे प्रश्न मागच्या चार आठवड्यांचे. डब्ल्यूएचओच्या छोट्या फॉर्मात २६ प्रश्न, मागचे दोन आठवडे, आणि त्यात शरीर-मनासोबत नाती, पैसा, येण्याजाण्याची सोय हे पण येतं. सगळ्यात छोटा ईक्यू-५डी-५एल: चालणं-फिरणं, स्वतःची आंघोळ-कपडे, रोजची कामं, दुखणं, चिंता-उदासी असे पाच प्रश्न, शेवटी ० ते १०० ची उभी पट्टी, आणि सगळं फक्त आजचं. गर्दीच्या ओपीडीत मी हाच घेते. पण सोरायसिस या त्वचेच्या आजाराची खाज आणि लोकांच्या नजरा त्या पाच प्रश्नांत नीट सापडत नाहीत, तिथं त्वचेच्या आजारांसाठीचा १० प्रश्नांचा डीएलक्यूआय पाहिजे. चुलीच्या धुरानं छाती गेलेल्या, सीओपीडी म्हणजे जुनाट दम लागण्याचा आजार असलेल्या बायकांना आठ प्रश्नांचा कॅट, कॅन्सरला क्यूएलक्यू-सी३०. एक सगळ्यांचा आणि एक त्या आजाराचा, एवढं पुरे. केमो लावून बसलेल्या माणसाला चार-चार फॉर्म देऊ नका.

भाषांतर घरी बसून करू नका. ईक्यू-५डी आणि क्यूएलक्यू-सी३० चं अधिकृत मराठी भाषांतर आहे, रीतसर परवानगी मागून तेच घ्या. ज्याचं नसेल त्याचं दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, तिसऱ्यानं मूळ इंग्रजी न बघता ते उलटं इंग्रजीत न्यायचं, मग फरक मिटवून काही पेशंटवर वापरून बघायचं, कारण पुस्तकी मराठी जालन्याच्या मावशीला कळतच नाही आणि ती लाजेनं "हो हो" म्हणते.

आता खरं काम, म्हणजे विचारणं. इथंच सगळ्यात जास्त बिघडतं.

आपल्याकडं पेशंट एकटा येत नाही, सोबत लेक, सून, भाऊ असतात आणि उत्तर तेच देतात. एकदा डायलिसिसच्या बेडवर एका आजीला दुखण्याचा प्रश्न विचारला तर लेक म्हणाला, "काही नाही तिला, निवांत हाय." तो चहाला गेला आणि आजी हळूच म्हणाल्या, "लई दुखायलंय बाई, पर त्याला सांगू नकोस, तो आधीच कर्जात हाय." त्या दिवसापासून मी नातेवाइकांना आधीच सांगते की दहा मिनिटं बाहेर बसा. पेशंट बोलूच शकत नसेल तरच घरच्यांना विचारायचं, त्यासाठीचा फॉर्म वेगळा असतो, आणि ती उत्तरं पेशंटच्या उत्तरांत मिसळायची नाहीत. डब्ल्यूएचओच्या फॉर्मात आणि डीएलक्यूआयमध्ये नवरा-बायकोच्या संबंधांचा पण प्रश्न आहे, तो बाईला बाईनंच विचारायचा आणि सासू जवळ नको.

लिहिता-वाचता न येणाऱ्याला फॉर्म वाचून दाखवा, पण शब्द फॉर्मातलेच. "म्हणजे कसं?" म्हणून विचारलं तर प्रश्न परत हळू वाचा आणि म्हणा, तुम्हाला जसं वाटतं तसं सांगा. मनानं उदाहरणं घुसवली की ऊसतोडीवाल्याला वेगळा प्रश्न जातो आणि मास्तराला वेगळा. मोळी उचलणं हे एकाचं रोजचं काम, नातू सांभाळणं दुसरीचं, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. काळाचा मात्र खुंटा ठोकून द्या, नाहीतर माणूस चार वर्षांचं सांगत बसतो. दोन आठवडे म्हणजे गावचे मागचे दोन बाजार, हे लगेच कळतं. पट्टीचा सराव दुसऱ्याच गोष्टीवर करून घ्या, "आज ऊन किती, शून्य म्हणजे काहीच नाही, शंभर म्हणजे वैशाखातलं", आणि हात बसला की मग तब्येतीची पट्टी पुढं करा, बोट त्यांचंच, तुम्ही धरून न्यायचं नाही.

"बरंय" हे उत्तर नाही, ती आपल्याकडची रीत आहे. सगळे पर्याय वाचून दाखवा, मग गप्प बसा. डॉक्टरसमोर तर विचारूच नका, उपकाराच्या भावनेनं माणूस दुखणं कमी सांगतो.

मार्कांचं आता. ईक्यू-५डी मधले आकडे बेरीज करायचे नसतात, ही चूक थीसिसमध्ये सारखी दिसते. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराला १ (त्रास नाही) ते ५ (सगळ्यात जास्त त्रास) असा आकडा असतो, ते ओळीनं लिहायचे; २११३१ म्हणजे चालायला थोडा त्रास, दुखणं मध्यम, बाकी ठीक, असं वाचायचं, आणि एकच आकडा पाहिजे असेल तर भारतातल्या लोकांना विचारून बनवलेला व्हॅल्यू सेट, म्हणजे अशा पाच आकड्यांवरून एक आकडा काढायचा तक्ता, २०२२ ला छापून आलाय, तो लावायचा. दिशा पण बघा: एसएफ-३६ ला जास्त मार्क चांगले, डीएलक्यूआय आणि कॅटला जास्त म्हणजे वाईट, क्यूएलक्यू-सी३० मध्ये तर शरीर-मन किती चालतं त्या भागांत जास्त चांगलं आणि त्रासांच्या भागांत जास्त वाईट. आणि फक्त पी व्हॅल्यू (फरक योगायोगाचा असेल का, हे सांगणारा संख्याशास्त्रातला आकडा) बघून "सुधारणा झाली" लिहू नका, पेशंटला जाणवेल एवढा फरक पडला का ते बघा, डीएलक्यूआयला साधारण ४, कॅटला २, क्यूएलक्यू-सी३० ला ढोबळमानानं १०.

दुसऱ्यांदा मोजताना बीड-धाराशिवकडं हंगाम आडवा येतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊसतोडीला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती उन्हाळ्याकडं परत येतात, म्हणून भादव्यात पहिला फॉर्म भरला तर सहा महिन्यांचा फॉर्म फडात भरावा लागेल, तेव्हा तारखा आधीच जुळवा. आणि पीक हातचं गेलेल्या वर्षी उदासी वाढते, त्याचा दोष औषधाला जायला नको, म्हणून महिना आणि पीकपाणी फॉर्मावर लिहून ठेवा. जो आलाच नाही त्याचं कारण पण लिहा. बऱ्याचदा सगळ्यात जास्त आजारी तेच गळतात, आणि उरलेल्यांची सरासरी उगाच सुधारलेली दिसते.

शेवटचं, उदासीच्या प्रश्नाला कुणी सगळ्यात जास्त त्रासाचा पर्याय सांगितला, "जगून काय करू" म्हणालं, तर फॉर्म बाजूला ठेवा, त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरला सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर स्वतः लावून फोन त्यांच्या हातात द्या. फॉर्म अर्धा राहिला तर राहू द्या.