पॉलिमर इनहिबिटरवर काम करणार? आधी पाणी बघा

पोटेन्शिओस्टॅट (गंजाचा करंट मोजायचं यंत्र) कसा जोडायचा, एमरी पेपर कुठल्या क्रमाने मारायचा, हे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. बोलायचंय ते पाण्याबद्दल: समुद्राच्या पाण्यात पोलादाचा गंज रोखायला जे पॉलिमर (म्हणजे इनहिबिटर) टाकतो, त्याची चाचणी कुठल्या पाण्यात घ्यायची. माझे कितीतरी महिने त्यातच गेले, अजून आठवलं की चिडचिड होते.

जवळपास सगळे ३.५ टक्के मिठाच्या पाण्यात चाचण्या करतात. सोपं पडतं, जुन्या पेपरांशी तुलनाही होते. पण खऱ्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम, १३०० च्या आसपास मॅग्नेशियम, वर बायकार्बोनेट. पॉलिॲक्रिलिक ॲसिडच्या जातीतल्या पॉलिमरचे कार्बोक्झिलेट गट पोलादापर्यंत पोचायच्या आधी या कॅल्शियमलाच जाऊन चिकटतात. मिठाच्या पाण्यात झकास चाललेला डोस इथे टाकला की बीकर दुधाळ होतो आणि थोड्या वेळाने तळाशी साका बसतो. तो साका म्हणजेच तुमचा इनहिबिटर! मग कूपनवर (चाचणीसाठी बुडवलेल्या पोलादाच्या तुकड्यावर) मिळालेला आकडा नेमका किती डोसचा, हे देवालाच ठाऊक. कायटोसान या दुसऱ्या पॉलिमरचं दुखणं वेगळं. समुद्राचा पीएच ८ च्या वर, आणि ते ६.५ च्या पुढे विरघळलेलं राहत नाही. ॲसिडमध्ये विरघळवून ओतणार असाल, तर ब्लँकमध्येही (पॉलिमर न टाकलेल्या, तुलनेच्या पाण्यात) तेवढंच ॲसिड हवं.

म्हणून आधी कूपन न बुडवता नुसतं पॉलिमर एएसटीएम डी११४१ या मानकाप्रमाणे बनवलेल्या कृत्रिम समुद्रपाण्यात रात्रभर ठेवा. गढूळ झालं तर डोस वाढवत बसू नका, पॉलिमर बदला. सीनिअरच्या एक्सेल शीटमध्ये आकडे भरून हे कळत नाही. गाईड निवडायची सोय असेल तर लॅबमध्ये येऊन बीकर उजेडात धरणारा निवडा, नुसते आलेख बघणारा नको.

लँगम्युरची, म्हणजे पॉलिमर पृष्ठभागावर चिकटण्याच्या (अधिशोषणाच्या) मॉडेलची, सरळ रेघ आली म्हणून नाचूही नका. सी (पॉलिमरचं प्रमाण) भागिले थीटा (पृष्ठभागाचा झाकलेला भाग) विरुद्ध सी, म्हणजे दोन्ही अक्षांवर सी आहेच; रेघ बहुतेक वेळा सरळच येते. रेणुभार नीट माहीत नसलेल्या पॉलिमरची अधिशोषण ऊर्जा काढणं तर निव्वळ थाप.

एका बाबतीत मात्र निर्धास्त राहा. कॅथोडिक बाजूला (जिथे ऑक्सिजन वापरला जातो) टाफेलची सरळ रेघ (व्होल्टेज विरुद्ध करंटचा लॉग) सापडत नाही, म्हणून तुमचं काही चुकलंय असं नाही. पृष्ठभागापर्यंत ऑक्सिजन ज्या वेगाने पोचतो, त्यावरच तिथला करंट अडतो. अशा वेळी कूपनच्या वजनघटीचा मोठा आधार असतो. फक्त गंजलेलं कूपन क्लार्कच्या द्रावणात साफ करताना शेजारी एक कोरं कूपनही बुडवा. साफसफाईतच किती लोखंड गेलं, ते त्यावरून वजा करता येतं.