सांधे दुखतात तेव्हा मनाचं काय करायचं

रूमेटॉइड आर्थरायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात, पुरुषांपेक्षा बायकांना साधारण 2 ते 3 पट जास्त होतो, आणि बाहेरून फारसं दिसत नाही म्हणून "काल तर बरी होतीस की" हे ऐकावं लागतं ते वेगळंच. तर पहिलं म्हणजे घरच्यांना नुसतं "दुखतंय" सांगू नका, नेमकं सांगा, सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, बरणीचं झाकण तू उघडून दे, कपडे पिळायचं तू बघ. मागताना अपराधी वाटतं, वाटू दे, तरी मागायचं.

थकवा म्हणजे आळस नाही हो, शरीरातली सूजच थकवते आणि मूडही पाडते. म्हणून बऱ्या दिवशी सगळी कामं उरकायचा मोह आवरा (मला अजून जमत नाही) नाहीतर पुढचे दोन दिवस पलंगावर.

वहीत दुखणं, झोप, मूड एकेका ओळीत लिहा, डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड चालू असेल तर झोप उडणं, चिडचिड त्यानेही होते, पण गोळी मनाने बंद करायची नाही. 2 आठवडे जवळजवळ रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, तर "आजारपणात असणारच" म्हणून सोडू नका, त्यावर वेगळे उपचार आहेत. जीव नकोसा झाला तर मात्र त्याच दिवशी कुणालातरी सांगा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.