लहान मंडळीत क्लास मीटिंग कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी

रविवारी आशीर्वचन होते, चर्चच्या दारात सगळे एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ म्हणतात आणि पंधरा मिनिटांत आवार रिकामे होते. तीस-पस्तीस घरांच्या आमच्या मंडळीत प्रत्येकाला प्रत्येकाचे मूळ गाव आणि सोयरीक ठाऊक आहे. पण कोणाच्या घरी दोन महिने पगार आलेला नाही, कोणाची प्रार्थना थांबली आहे, कोणाला रात्र रात्र झोप लागत नाही, हे बहुधा सारे हाताबाहेर गेल्यावरच कळते. पाळकसाहेबांकडे आणखी दोन गावच्या मंडळ्या आहेत, त्यामुळे त्यांनी दर आठवड्याला घरोघरी यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. या उणिवेवर मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरेत एक जुना उपाय आहे, तो म्हणजे क्लास मीटिंग. गेली नऊ वर्षे मी असा एक गट सांभाळीत आहे आणि ज्यांना आपल्या मंडळीत तो सुरू करावासा वाटतो, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

येथे ‘क्लास’ म्हणजे शाळेचा वर्ग नव्हे, तर मंडळीची एक लहान तुकडी. ही घरप्रार्थना नाही, कारण घरप्रार्थनेत एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. हा शास्त्राभ्यासही नाही. येथे प्रत्येक सभासद आपल्या गेल्या आठवड्याविषयी, देवासमोर आणि सात-आठ भावाबहिणींसमोर, खरे तेवढेच बोलतो. इतकेच या बैठकीचे स्वरूप आहे, आणि एवढे साधायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

तिचा उगम लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1742 साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज फेडायचे होते आणि दर सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरत होते. ज्यांना तेवढेही परवडत नाही त्यांचे काय, हा प्रश्न निघाला तेव्हा एका सभासदाने सांगितले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि त्यांच्याकडून काही मिळाले नाही तर त्यांचेही मीच भरीन. अशा रीतीने वर्गणीसाठी घरोघर जाणाऱ्यांना लोकांचे जगणे दिसू लागले, काही ठिकाणी वागणूक बिघडलेली आढळली, आणि मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या ध्यानात आले की आपल्याला हवी होती ती देखरेखीची रीत हीच आहे. पुढे घरोघर जाण्याऐवजी बारा जणांनी एकत्र बसावे असे ठरले. मुंबईतही असेच घडले: 1871 मध्ये अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर यांच्या सभांतून जे विश्वासात आले, त्यांना प्रथम घराघरांतल्या लहान गटांत एकत्र केले गेले आणि त्या गटांतूनच तेथील मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. म्हणजे आपल्याकडेही चर्चच्या इमारतीआधी बैठकीची खोली होती. इमारत नसलेल्या किंवा गळक्या छपराच्या मंडळीने म्हणूनच या कामासाठी थांबून राहू नये.

सुरुवातीची तयारी

पहिले पाऊल पाळकसाहेबांकडे जाण्याचे आहे. त्यांच्या संमतीशिवाय सुरू झालेला गट, हेतू कितीही शुद्ध असला तरी, लवकरच दुसरी मंडळी असल्यासारखा दिसू लागतो आणि कमिटीत कुजबुज सुरू होते. त्यांना स्पष्ट सांगावे की या गटात उपदेश होणार नाही, प्रभुभोजन होणार नाही, आणि पुढारी दर महिन्याला त्यांना भेटून कोण आजारी आहे, कोण गैरहजर आहे आणि कोणाला पाळकाच्या भेटीची गरज आहे, एवढे कळवीत जाईल.

पुढारी निवडताना बहुतेक ठिकाणी चूक होते. जो उत्तम प्रार्थना करतो, ज्याला वचने तोंडपाठ आहेत, त्यालाच आपण पुढे बसवतो. माझ्या मते पुढाऱ्यात एकच गुण अनिवार्य आहे: त्याच्या पोटात गोष्ट राहिली पाहिजे. दुसरा गुण म्हणजे गप्प बसता येणे. आमच्याकडील सर्वांत चांगला गट एका निवृत्त परिचारिका मावशींनी चालविला, ज्या रविवारी वेदीजवळ कधी उभ्याही राहिल्या नव्हत्या. वेस्लींच्या काळीही अनेक स्त्रिया क्लासच्या पुढारी होत्या, तेव्हा याविषयी कोणी शंका काढली तर तिला परंपरेतूनच उत्तर देता येते.

बारा ही वरची मर्यादा समजावी. सात-आठ जण असले की दीड तासात सर्वांना बोलता येते. लहान मंडळीत सगळेच एकमेकांचे नातेवाईक असतात, त्यामुळे गट पाडताना विशेष विचार करावा लागतो. सासू आणि सून, नवरा आणि बायको, जमिनीवरून बोलणे बंद असलेले दोन भाऊ, यांना एकाच गटात घातले तर त्यांतला एक तरी तोंड उघडणार नाही. कमिटीच्या निवडणुकीत समोरासमोर उभे राहिलेल्यांना मात्र मी मुद्दाम एकत्र बसवीन, कारण ते भांडण बहुधा माणसांचे नसून खुर्चीचे असते आणि एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करू लागल्यावर ते फार दिवस तग धरत नाही.

वार असा ठरवावा की बाजारचा दिवस आड येणार नाही आणि दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांनाही अधूनमधून येता येईल. बैठक घरोघरी फिरती ठेवावी, पण चहापाण्याचा नियम पहिल्याच दिवशी बांधून घ्यावा. आमचा पहिला गट याच कारणाने मोडला. एका घरी चहा-बिस्किटे झाली, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी शिरा आणि भजी, आणि चौथ्या घरच्या बाईंनी आपल्याकडे पाहुणे आहेत असे सांगून तारीख टाळली. त्यानंतर त्या आल्याच नाहीत. त्या का येत नाहीत हे समजायला आम्हांला सहा महिने लागले, आणि ज्या बैठकीचा उगमच गरिबाची वर्गणी दुसऱ्याने भरण्यात आहे, तेथे हे व्हावे याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून आमच्याकडे फक्त पाणी देतात. चहासुद्धा नाही.

बैठकीचा दीड तास

‘उपासना संगीत’ या पुस्तकातील एक गीत म्हणावे, शक्यतो सर्वांना चाल येणारे, आणि त्याची सर्व कडवी म्हणण्याचा आग्रह नसावा. त्यानंतर दोन मिनिटांची प्रार्थना करावी. मग पुढाऱ्याने मूळ प्रश्न विचारावा, जो मेथडिस्ट लोक पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आले आहेत: तुमच्या आत्म्याची स्थिती कशी आहे? मराठीत हा प्रश्न असाच विचारला तर माणूस सावरून बसतो आणि ‘प्रभूच्या कृपेने सर्व ठीक आहे’ असे म्हणून मोकळा होतो. त्यात खोटेपणा नसतो. आपल्याला साक्ष द्यायला शिकविले आहे, आणि साक्षीचा शेवट नेहमी विजयाचाच असावा असे आपण धरून चालतो. म्हणून आम्ही तो प्रश्न वेस्लींनी सभासदांसाठी घालून दिलेल्या 1743 च्या सामान्य नियमांच्या आधाराने तीन साध्या भागांत विचारतो. या आठवड्यात माझ्यामुळे कोणाला दुखापत झाली का? जे भले करता आले असते, ते मी टाळले का? प्रार्थना, वचन आणि उपासना यांत मी कोठे होतो? यांतील एकाचेच उत्तर दिले तरी चालते, पण ते या आठवड्याचे असावे.

पुढाऱ्याने प्रथम स्वतः उत्तर द्यावे आणि ते खरे असावे. मी मुलावर हात उगारला, आणि नंतर प्रार्थनेला बसलो तेव्हा शब्द सुचले नाहीत, असे तो म्हणाला तर पुढचा माणूस आपल्या दुकानातल्या खोट्या मापाविषयी बोलू शकतो. पुढाऱ्याने चार गोड वाक्यांत स्वतःला आटोपले तर सर्व जण तसेच करतात. काही ज्येष्ठ मंडळी दर वेळी आपल्या बाप्तिस्म्याच्या वर्षाची साक्ष देतात. त्यांना तोडू नये. ती ऐकावी, आणि मग हळूच विचारावे, ‘आणि हा आठवडा कसा गेला, काका?’ आमच्याकडचे एक काका या प्रश्नावर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की मुलगा पुण्याहून फोन करीत नाही, आणि आपण त्याच्यासाठी प्रार्थना करणेही रागाने सोडले आहे.

असे काही कोणी बोलला की लगेच सल्ला देण्याची ऊर्मी येते, वचन सांगावेसे वाटते. ती आवरावी. थोडी शांतता राहू द्यावी. नंतर पुढाऱ्याने एवढेच विचारावे की यासाठी आपण काय मागू या, आणि शेजारी बसलेल्याने त्या व्यक्तीचे नाव घेऊन लहानशी प्रार्थना करावी. कोणी सल्ला मागितला तर तो बैठक संपल्यावर, बाहेर, एकट्याला द्यावा. ज्याला बोलायचे नाही त्याने ‘आज माझ्यासाठी फक्त प्रार्थना करा’ असे म्हटले की त्याला पुन्हा विचारू नये.

बोललेले बाहेर जाता कामा नये

लहान मंडळीत चुगली चुगलीच्या रूपाने फिरत नाही, ती प्रार्थनेचा विषय बनून फिरते. ‘अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, घरी फार त्रास आहे’ असे एक जण कळकळीने सांगतो आणि रविवारपर्यंत तो त्रास काय आहे हे सर्वांना माहीत झालेले असते. हा अपराध माझ्याकडूनही घडला आहे. एका बहिणीने आमच्या गटात सांगितलेली गोष्ट मी रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत, नाव न घेता, पण ओळखता येईल अशा शब्दांत मांडली. ती चार महिने चर्चमध्ये आली नाही. मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली, तिने ती केली, तरी पुन्हा गटात बोलायला तिला वर्ष लागले. म्हणून आता दर बैठकीच्या आरंभी आम्ही मोठ्याने म्हणतो की येथे ऐकलेले, प्रार्थनेचा विषय म्हणूनही, त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय कोठेही नेणार नाही. स्वतःच्या जोडीदाराकडेही नाही.

या नियमाला एकच अपवाद आहे आणि तोही आधीच सांगून ठेवावा. कोणाच्या जिवाला धोका असेल, घरात मारहाण होत असेल किंवा लेकराला इजा होत असेल, तर ते गुप्त ठेवणे पाप आहे. अशा वेळी पाळकसाहेबांना कळवावेच, पण तेवढ्यावर थांबू नये: मुलांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181, तातडीच्या मदतीसाठी 112 आणि मन खचलेल्या माणसासाठी 14416 हे क्रमांक पुढाऱ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावेत. मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जा, प्रभू बदल घडवील, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही क्लासला नाही.

पेटी, वही आणि गैरहजर माणसे

ब्रिस्टलच्या पेनीची आठवण म्हणून आम्ही एक लहान पेटी ठेवतो. ती बंद असते, फिरत नाही, दाराजवळ असते, आणि कोणी काय टाकले हे कोणी पाहत नाही. महिन्याच्या शेवटी दोघांनी मिळून पैसे मोजावेत, वहीत लिहावेत आणि खजिनदारांना दाखवावेत. हा पैसा मंडळीच्या इतर खर्चासाठी नसून गरजूंसाठी असतो: औषध, शाळेचे दप्तर, तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जाण्याचे बसभाडे. त्यातून उसने कधीही देऊ नयेत. द्यायचे तर देऊनच टाकावे, कारण उसने घेतलेला भाऊ परतफेड होईपर्यंत नजर चुकवतो आणि आपण पाचशे रुपयांसाठी एक सभासद गमावतो.

वहीत हजेरीही लिहावी. सलग दोन बैठकांना जो आला नाही, त्याच्याकडे तिसऱ्या बैठकीच्या आधी जावे, आणि ‘तुम्ही आला नाहीत’ असे म्हणू नये. ‘तुमची आठवण झाली’ एवढे पुरते. कामासाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या तरुणांना ठरलेल्या वारी फोन करावा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी दर तीन महिन्यांतून एकदा अख्खा क्लास न्यावा आणि शक्य तर तो दिवस पाळकसाहेबांच्या सवडीने ठरवावा, म्हणजे त्या आजी-आजोबांना प्रभुभोजनही मिळेल.

डिसेंबरमध्ये नाताळची गाणी, सजावट आणि मुलांची नाटिका यांच्या धांदलीत बैठक रद्द करण्याचा मोह होतो. नेमकी त्याच महिन्यात ती रद्द करू नये. नव्या वर्षाच्या आरंभी आपण कराराची उपासना करतो, जिची प्रथा वेस्लींनी 1755 साली लंडनमध्ये घातली, आणि तिच्यात आपण देवाला म्हणतो की मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, मी तुझाच आहे. हे शब्द तयारीशिवाय उच्चारणे जड आहे. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या बैठकीत प्रत्येकाने एकच सांगावे की येत्या वर्षी बाजूला ठेवले गेलो तर मला कशाचे सर्वांत अधिक दुःख होईल. गेल्या वर्षी या प्रश्नावर आमच्या चर्चच्या वादकाने वाजवायच्या पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, नाव घेतले. पंचवीस वर्षे ती पेटी तेच वाजवीत आले आहेत आणि आता त्यांची बोटे आखडू लागली आहेत. जानेवारीपासून गटातील दोन मुली शनिवारी त्यांच्याकडे पेटी शिकायला जातात.

गट बाराच्या पुढे जाऊ लागला की तो विभागावा, आणि त्यासाठी पहिल्या वर्षापासूनच एक सहायक तयार करावा, ज्याला महिन्यातून एकदा प्रश्न विचारण्याचे काम द्यावे. विभागताना नव्या गटाकडे निम्मी जुनी माणसे जावीत. पहिल्या बैठकीसाठी फार काही लागत नाही: एक चटई, गीतांची दोन पुस्तके, एक वही, झाकणाला चीर पाडलेला डबा आणि ज्यांना प्रत्यक्ष घरी जाऊन बोलावले आहे अशी पाच माणसे. पत्रकावर किंवा व्हॉट्सॲपवर बोलावणे पाठवू नये. येत्या रविवारी उपासना संपल्यावर आवार रिकामे होण्याआधी पहिल्या माणसाला गाठावे.