कॅड ड्रॉइंग स्टॅड प्रोमध्ये आणताना या चुका टाळा

आर्किटेक्टकडून आलेला प्लॅन डीएक्सएफ (ड्रॉइंग एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याचे फाइल स्वरूप) स्वरूपात सेव्ह करून थेट स्टॅड प्रो या इमारतीच्या सांगाड्याचे विश्लेषण करणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडण्याची सवय सांगली-मिरज भागातील नवोदित अभियंत्यांमध्ये मला वारंवार दिसते. या ड्रॉइंगमध्ये भिंतीच्या दोन्ही कडा, दारे-खिडक्या, मापांच्या रेषा आणि हॅच (भाग भरून दाखवणाऱ्या रेघा) असे सर्व काही असते. विश्लेषणाला मात्र प्रत्येक बीमसाठी एकच रेषा आणि जिथे दोन घटक भेटतात तिथे नेमका एकच नोड (सांध्याचा बिंदू) हवा असतो. म्हणून आर्किटेक्टचे ड्रॉइंग आयात करूच नये. ते खाली ठेवून वेगळ्या लेयरवर कॉलमच्या केंद्रापासून कॉलमच्या केंद्रापर्यंत स्वतः सेंटरलाइन काढाव्यात आणि फक्त तोच लेयर नव्या फाइलमध्ये न्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सेंटरलाइन काढतानाही चूक होते आणि तिचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. तासगाव रस्त्यावरील एका बेदाणा शीतगृहाच्या कार्यालयीन इमारतीचे मॉडेल पहिल्यांदा चालवले, तेव्हा आउटपुटमध्ये अनेक सांध्यांवर अस्थिरतेचे इशारे आले. पडद्यावर सर्व काही जोडलेले दिसत होते. एका कोपऱ्यावर खूप जवळ जाऊन पाहिल्यावर तिथे एकाऐवजी दोन नोड आढळले आणि त्यांच्यातील अंतर बरोबर ३५ मिमी होते. कॉलम ३०० × ४५० मिमीचा होता आणि त्याचे केंद्र बाहेरील कडेपासून १५० मिमी आत होते. बीम २३० रुंदीचा व बाहेरून कॉलमशी समतल असल्यामुळे त्याची मध्यरेषा त्याच कडेपासून ११५ मिमीवर पडत होती. ड्रॉइंग म्हणून ते अगदी अचूक होते, परंतु विश्लेषणाच्या दृष्टीने बीम कॉलमला टेकतच नव्हता. अशा वेळी बीमची रेषा कॉलमच्या केंद्रापर्यंत आणावी आणि गरज असेल तर सरकलेले अंतर मेंबर ऑफसेटने (बीमचे टोक नोडपासून सरकवून दाखवण्याच्या सोयीने) द्यावे. नोड एकत्र करण्याची टॉलरन्स (किती अंतरापर्यंतचे नोड एकच मानायचे ती मर्यादा) वाढवून हा प्रश्न सोडवू नये, कारण मोठी टॉलरन्स दिल्यास वेगळे राहायला हवे असलेले नोडही एकत्र होतात आणि सरळ बीम किंचित तिरका होतो. अस्थिरतेचा इशारा देऊनही प्रोग्राम तिथे कमकुवत स्प्रिंग घालून पुढे जाऊ शकतो व उत्तरे छापतो, त्यामुळे विश्लेषण पूर्ण झाले म्हणजे मॉडेल बरोबर आहे असे मानणे धोक्याचे ठरते.

एककांची चूक आपल्याकडे अधिक होते, कारण प्लॅन बहुधा फूट-इंचात असतो आणि विश्लेषण मीटरमध्ये. मिलिमीटरचे ड्रॉइंग मीटर म्हणून वाचले गेले तर १२ मीटरची तुळई १२,००० मीटरची होते आणि चूक लगेच उघडी पडते. एक एकक म्हणजे एक फूट धरून काढलेले ड्रॉइंग मीटर म्हणून आले, तर १२ फुटांची खोली १२ मीटरची होते. हळदीच्या गोदामासारख्या इमारतीत हा गाळा (दोन कॉलममधील अंतर) कोणाला खटकतही नाही. दर मीटरला तेवढाच भार धरला तरी लांबी ३.२८ पट झाल्याने साध्या आधाराच्या बीममधील मोमेंट (वाकवणारा परिणाम) सुमारे १०.८ पट होतो. आयात केल्यावर पहिल्यांदा एका ओळखीच्या गाळ्याचे माप घेऊन पाहावे. सर्व्हेच्या नकाशावर काढलेला प्लॅन असेल, तर त्याचे सहनिर्देशक लाखांच्या घरात असतात. तो आधी मूळ बिंदूजवळ आणावा.

अक्षांची गोष्ट थोडक्यात सांगतो. ऑटोकॅडमध्ये उंची झेड दिशेला असते, तर स्टॅड प्रोमध्ये मुळात वाय दिशेला. आयात करताना योग्य पर्याय निवडला नाही तर इमारत आडवी पडते आणि स्वयंभार भलत्याच दिशेने लागतो.

पॉलिलाइन आणि ब्लॉक आधी ‘एक्स्प्लोड’ करून साध्या रेषा कराव्यात. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा स्टॅडमध्ये आपोआप जोडल्या जात नाहीत, म्हणून दुय्यम बीम जिथे मुख्य बीमवर टेकतो तिथे मुख्य रेषा तोडून नोड करावा. एकावर एक आलेल्या रेषा याहून फसव्या, कारण त्या डोळ्यांना एकच दिसतात. त्यांच्यामुळे बीमचा स्वयंभार, कडकपणा आणि भूकंपासाठी धरले जाणारे वस्तुमान दुप्पट होते. ऑटोकॅडमधील ‘ओव्हरकिल’ ही दुबार रेषा काढून टाकणारी आज्ञा आणि स्टॅडमधील दुबार मेंबर तपासण्याची सोय, हे दोन्ही वापरावे.

डीएक्सएफमधून येते ती केवळ भूमिती. सेक्शन (बीम-कॉलमच्या छेदाची मापे), सपोर्ट (आधार) आणि कॉलमची दिशा येत नाही. २३० × ४५० चा कॉलम ९० अंशांनी फिरला तर एका दिशेतील त्याचा कडकपणा सुमारे ३.८ पट बदलतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिलेल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात प्रत्येक कॉलमची दिशा प्लॅनशी ताडून पाहण्याचा कंटाळा कोणीही करू नये.

अन्य भार देण्यापूर्वी केवळ स्वयंभारावर मॉडेल एकदा चालवावे आणि सपोर्टवरील उभ्या रिअॅक्शनची (आधाराने दिलेल्या बलाची) बेरीज हातच्या हिशेबाशी जुळवावी. समजा २३० × ४५० चे एकूण २०० मीटर बीम आणि ३०० × ४५० चे ३.५ मीटर उंचीचे १६ कॉलम आहेत. काँक्रीटचा भार घनमीटरला २५ किलोन्यूटन धरल्यास बीमचे ५१७.५ आणि कॉलमचे १८९, असे एकूण ७०६.५ किलोन्यूटन यायला हवेत. बेरीज ७१७ च्या आसपास आली, तर सुमारे चार मीटरचा एखादा बीम दोनदा आला आहे असे धरून शोध सुरू करावा.